डावी बाजू मोकळी

बॉबिनची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी गेली ती तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळंतपण झालं, मग मुलीची रजा संपली, मग बाळाला दात आले, मग जावयाची पाळी बदलली, मग बाळ चालायला लागलं, आणि चालणारं बाळ म्हणजे पडून राहणाऱ्या बाळाच्या चौपट काम. प्रत्येक कारण खरं होतं. हीच तर पंचाईत. एखादं तरी खोटं असतं तर निदान चिडता आलं असतं.

बॉबिन शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कुणी वाचत नसे. बुटका, मध्ये गोल आणि दिवसभर शहरात गरगर फिरणारा, म्हणून एका शिंपिणीनं त्याला बॉबिन, म्हणजे मशीनमधली दोऱ्याची चकती, म्हटलं. ते नाव इतकं चपखल बसलं की मुलगीसुद्धा चिडली की त्याला ‘बॉबिनराव’ म्हणायची.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिळ्यांना टांगलेले चामडी पट्टे, बरण्यांमधून सुया आणि शटल, जमिनीत मुरलेला तेलाचा वास, आणि कोपऱ्यात मोडक्या मशीन-टेबलांचे अरुंद, लांबोडके ड्रॉवर एकावर एक रचलेले. हे ड्रॉवर तो कधी फेकत नसे. “उपयोगी पडतील,” म्हणायचा. “तुमच्या तेराव्या पिढीला,” बायको म्हणायची.

मशीन बिघडलं की टेबल गिऱ्हाइकाकडे ठेवून वरचा लोखंडी भाग तेवढा दुकानात आणायचा, दुरुस्त करायचा आणि परत नेऊन बसवायचा, अशी त्याची पद्धत. हे लोखंड म्हणजे चांगल्या खात्यापित्या पोराएवढं वजन. ते वाहायला त्याच्याकडे एक छोटी मोटरसायकल होती. इंजिन एवढंसं, आवाज मात्र घर डोक्यावर घेतल्यासारखा. बॉबिन पुढे, बायको मागे. बायको पायघोळ कपड्यांत असायची, म्हणून दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. त्यासाठी डाव्या बाजूला एक लांबट पायदान बसवून घेतलेलं. मांडीवर मशीन, एक हात मशीनला, दुसरा नवऱ्याच्या खांद्याला. शहरातली झाडून सगळी शिलाई मशीनं कधी ना कधी तिच्या मांडीवर बसून गेली होती.

त्यांचा संसार झाला तो खरं म्हणजे गाडीवरच. घरात बॉबिन घुम्या. ताटावर बसला की ताट बरं आणि आपण बरे. गाडीवर मात्र एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे त्याची जीभ सुटायची. ती डावीकडे तोंड करून बसलेली, मान वळवून त्याच्या डाव्या कानात बोलायची. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, छत गळतंय ते कधी दुरुस्त करायचं, त्याच्या भावाला घरात ठेवायचं की नाही, सगळं डाव्या कानात ठरलं. भावाला ठेवायचं नाही असं ठरलं, आणि ते बरंच झालं.

तर अशी ती गेली. तिच्याबरोबर मांडी गेली, आणि मांडी गेली म्हणजे माल ठेवायची जागा गेली. पहिले काही दिवस बॉबिननं मशीन पेट्रोलच्या टाकीवर ठेवून पोटाशी धरून बघितलं. ब्रेक दाबला की लोखंड बरगडीत. टाकीचा रंग गेला आणि बॉबिनच्या पोटावर निळा-हिरवा नकाशा उठला. तेव्हा तो वेल्डरकडे गेला.

वेल्डर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ठिणग्या उडवायचा आणि त्या ठिणग्यांइतकंच बोलायचा, म्हणजे सतत आणि समोरच्याला चटके बसतील असं.

“सीट काढू,” तो गाडीकडे बघून म्हणाला. “चार बोल्ट. त्या जागी लोखंडी पेटी. दोन मशीनं मावतील, वर तुझा बाजारहाट.”

“सीट नाही काढायची.”

“बरं, राहू दे. सीटवरच बांध मशीन. पट्टे तर तुझ्याकडे पोत्यानं आहेत.”

“सीटवर नको.”

“मग कुठे, डोक्यावर?”

“बाजूला जाळी लाव. उजवीकडे.”

“उजवीकडे सायलेन्सर आहे. तुझं मशीन भाजून निघेल. डावीकडे लावतो.”

“डावीकडे ती पाय सोडते.”

वेल्डरनं काळा चष्मा कपाळावर चढवला. “कोण?”

“तुझी वहिनी.”

“वहिनी इथे आहे कुठे?”

“येईल ना.”

वेल्डरनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग त्यानं लोखंडी पट्ट्या कापल्या, उजव्या बाजूला भक्कम जाळी बसवली आणि जाळी व सायलेन्सर यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा लावला. काम उत्तम झालं. फक्त गाडी उभी राहीना. स्टँड डावीकडे, वजन उजवीकडे. हात सोडला की गाडी सावकाश सरळ व्हायची, क्षणभर विचार करायची आणि उजवीकडे झोपायची.

“डावीकडेही थोडं वजन टाक,” वेल्डर म्हणाला. “तोल येईल.”

“ती बसली की येईल.”

“अरे पण ती बसेपर्यंत?”

बसेपर्यंत बॉबिननं भिंती शोधल्या. कुठल्या गिऱ्हाइकाच्या दारी उजव्या हाताला भिंत आहे, कुठे झाड, कुठे विजेचा खांब, हे त्याला पाठ झालं. जिथे काहीच नव्हतं तिथे तो आधी हाक मारून कुणालातरी बाहेर बोलवायचा, “जरा गाडी धरा,” म्हणायचा, आणि मग त्याच माणसाला विचारायचा, “मशीनला काय झालंय?”

एकदा लोखंडाची चटक लागली की माणूस थांबत नाही. बायको असताना बाजार ती करायची, आता तोच करत होता. कांदे, बटाटे, पिठाच्या पिशव्या हँडलला लावल्या की गाडी वळेना. मग ते जपून ठेवलेले ड्रॉवर निघाले. दोन पुढे, दिव्याच्या दोन्ही अंगांना बसले. एकात भाजी, एकात अंडी, अंड्यांभोवती मशीन पुसायच्या चिंध्या. उजव्या जाळीच्या बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या नळाचा जाडजूड तुकडा उभा बांधला. त्यात छत्री, कापड मोजायचा गज, पाव, आणि एकदा वरच्या मजल्यावरच्या आजोबांची काठी. टाकीवर मोठं लोहचुंबक, त्याला पेचकस, सुया, घराच्या किल्ल्या. गॅसची टाकी मात्र जाळीत मावेना, तर त्यासाठी जाळीखाली आणखी एक वाकवलेली पट्टी. शेजारीपाजारी औषध सांगायचे, दूध सांगायचे, कुणी विजेचे दिवे. गाडी पुढून पाहिली तर कपाटासारखी, उजवीकडून पाहिली तर भंगारवाल्याच्या हातगाडीसारखी. नाकापेक्षा मोती जड झाला होता. आणि मागची सीट मात्र रिकामी. डावी बाजू मोकळी. पायदान स्वच्छ. गाडी धुताना तो चाकं विसरे, पायदान विसरत नसे.

असल्या एकांगी गाडीला सरळ चालवायचं तर माणसाला डावीकडे झुकावं लागतं. बॉबिन झुकला. आधी गाडीवर, मग हळूहळू खुर्चीत, मग उभा असतानासुद्धा.

“हा असा का कलंडलाय?” बाजारात लोक विचारायचे.

“बायकोचं वजन पेलतोय,” वेल्डर सांगायचा. “ती नसताना.”

दर रविवारी तिचा फोन यायचा.

“जेवलात?”

“जेवलो.”

“काय केलंत?”

“केलं काहीतरी.”

“तब्येत?”

“ठणठणीत. इकडे सगळं ठीक आहे. तू इकडची काळजी करू नकोस.”

मग नातू फोनमध्ये जोरजोरात श्वास घ्यायचा, तेच त्याचं बोलणं समजून दोघं हसायची, आणि फोन संपायचा. ‘इकडे सगळं ठीक आहे’ हे वाक्य म्हणताना बॉबिनला आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटायचं. लेकीचा संसार नवा, तिला आईची गरज. आपण मध्ये तोंड घालू नये. ‘ये परत’ एवढे दोन शब्द. मशीनमध्ये अडकलेली सुईची टोकं अंधारात नुसत्या बोटानं काढणाऱ्या माणसाला ते दोन शब्द घशातून काढता येईनात. त्याऐवजी त्यानं गाडीला लोखंड लावलं. म्हणजे सीट रिकामी ठेवली की बोलल्यासारखंच झालं, असा त्याचा हिशेब. पण ती सीट बघणार कोण? बघायची ती पाचशे मैलांवर. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे काय कुणी नव्यानं सांगायला हवं?

फोन ठेवला की तो दुकानात येऊन बसायचा. पूर्वी समोरच्या बाकावर ती बसायची, गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायला. मशीनचं दुखणं तो शोधायचा, पण गिऱ्हाइकाचं दुखणं तीच. “टाके सोडतंय,” असं कुणी म्हणालं की ती विचारणार, “मध्ये कुणी हात लावला होता?” आणि मग सासू, जाऊ, शेजारीण, सगळं बाहेर यायचं. आता लोक मशीन ठेवून लगेच जायचे. बाक पुसायची गरज पडत नव्हती, तरी तो पुसायचा.

मध्यंतरी शिंपिणीचा पाय मुरगळला. ज्या शिंपिणीनं त्याला बॉबिन नाव दिलं, तीच ही. बाजाराच्या चौकात लंगडत उभी होती. बॉबिन समोरून आला तशी तिनं हात केला.

“काका, घरापर्यंत सोडा. पाय टेकवत नाही.”

बॉबिननं गाडी थांबवली, मागे बघितलं. “ताई, सीट रिकामी नाहीये.”

शिंपिणीनंही बघितलं. “कोण बसलंय? मला कसं दिसत नाही?”

बॉबिन गाडी शेजारच्या दुकानाच्या भिंतीला टेकवून रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, टॅक्सी थांबवली आणि तिला आत बसवून दिली. मूर्खपणाच, दुसरं काय. पायाला सूज आलेल्या बाईला पाच मिनिटं मागे बसवलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. शिंपिणीनं ती गोष्ट अख्ख्या बाजाराला सांगितली. संध्याकाळपर्यंत पावाच्या दुकानासमोरही लोक त्या सीटला नमस्कार करून बाजूला होऊ लागले.

शेवटी एकदाची बायको यायची झाली. विहीणबाई नातवाकडे राहायला आल्या होत्या, तेवढ्यात ही सुटली. “थोडेच दिवस हं,” ती फोनवर म्हणाली. बॉबिननं ‘थोडेच’ ऐकलं की नाही देव जाणे. त्यानं ड्रॉवर रिकामे केले, नळी धुतली, सीटचं फाटलेलं कव्हर स्वतः शिवलं, तेही दुहेरी टाक्यानं. जाळी मात्र तशीच ठेवली. बायकोला ती दाखवायची होती. बघ, केवढं केलं, पण तुझ्या जागेला हात लावला नाही. हे शब्दांत सांगायचं नव्हतंच. ती बघेल आणि तिला कळेल.

बस आली. आधी दोन बॅगा उतरल्या, मग बायको. बॉबिन तिला शोधत तिच्याच अंगावरून पलीकडे बघत होता, कारण ती पँटमध्ये होती. पँट, पायांत कापडी बूट, केस मानेपर्यंत कापलेले.

“अहो, इकडे. मीच आहे.”

“हे काय?”

“मुलीनं घेऊन दिली. बरी पडते.” तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. “वाळलात. आणि असे तिरके का उभे आहात? कंबर धरलीय का?”

“नाही नाही. चल. गाडी बघ.”

तिनं गाडी बघितली. पुढून, बाजूनं, मागून. बसस्टँडवरची दोन माणसंही बघत होती. “अगबाई,” ती म्हणाली, “ही आपलीच ना?” मग एक बॅग जाळीत गेली, दुसरी पाठीला लागली, आणि तिनं बॉबिनच्या खांद्यावर हात ठेवून सरळ उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकला.

पाय पलीकडे जाणार कुठे? गुडघा जाळीवर आपटला. बूट नळीत अडकला. बायको एका पायावर नाचत मागे आली.

“हे मध्ये काय घातलंत?”

“तू तशी नाही ना बसत,” बॉबिन म्हणाला. “तू एका बाजूला बसतेस. ही बघ, डावी बाजू मोकळी ठेवलीय. पायदान आहे.”

बायको गुडघा चोळायची थांबली. पायदानाकडे बघितलं. ते इतकं लख्ख होतं की त्यात तिचे बूट दिसत होते.

“आता नाही हो बसत मी तशी,” ती जरा हळू बोलली. “तिकडे मी सायकल चालवते. पोराला पुढच्या खुर्चीत बसवून पाळणाघरात सोडते. दोन्हीकडे पाय टाकायची सवय झाली. एका बाजूला बसलं की आता पडेन असं वाटतं.”

“सायकल? तू?”

“का? पाय नाहीत मला?”

बसली शेवटी एका बाजूला, दुसरा इलाजच नव्हता. पण सबंध वाटभर दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून, डोळे मिटून. ती अंग आक्रसून बसलेली आणि तो सवयीनं डावीकडे झुकलेला, त्यामुळे तिचं वजन आणि त्याचं वजन एकाच बाजूला. गाडी गटाराच्या कडेकडेनं घरी आली. डाव्या कानात ती वाटेत एकच गोष्ट बोलली, “हळू.” ज्या क्षणाची वाट बघत त्यानं एवढं लोखंड वाहिलं, तो क्षण असा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “चला वेल्डरभावजींकडे.”

वेल्डरनं तिला बघितलं आणि हातातलं काम टाकलं. “वहिनी, आलात! बरं झालं. तुमची सीट सांभाळून सांभाळून हा माणूस वाकडा झाला.”

“सीट नंतर. आधी ही जाळी कापा.”

वेल्डरनं बॉबिनकडे बघितलं. बॉबिन जमिनीकडे बघत होता. “काप,” तो म्हणाला.

कापायला, लावायला लागला त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. जाळी गेली, पत्रा गेला, गॅसची पट्टी गेली, नळी गेली. बाजूला लोखंडाचा ढीग पडला. बायकोनं दोन्हीकडे पाय टाकून बसून बघितलं, पाय खाली टेकवले, मान हलवली. “हां. आता गाडी झाली.”

तिथून दोघं शिंपिणीकडे निघाली. तिचं मशीन आणायचं होतं. गाडी हलकी झालेली, रस्ता मोकळा, पण बॉबिनच्या अंगाला जुनं ओझं आठवत होतं. तो डावीकडे झुकला तशी गाडीही डावीकडे गेली.

“सरळ बसा.”

“सरळच बसलोय.”

“कुठले सरळ? गटारात घालाल. माझ्या छातीला पाठ लावा. हां. हे सरळ.”

आवाज उजव्या कानात आला होता. त्या कानाला त्याची सवय नव्हती. बॉबिन काही वेळ सरळ बसायचा सराव करत राहिला. पाव-बिस्किटांचं दुकान गेलं, शाळेची लांब भिंत सुरू झाली.

“एक विचारू?”

“विचार.”

“ते ड्रॉवर, ती जाळी, ती नळी, सगळं सीट सोडून का लावलंत? मागे एक पेटी ठोकली असती तर सगळं मावलं असतं. तुम्हाला काय हे सुचलं नसेल?”

समोर रस्ता होता, तोंड दिसत नव्हतं. बॉबिनची जीभ सुटली.

“तू येशील म्हणून.”

मागून तिनं त्याचा खांदा धरला.

“ये ना परत,” तो म्हणाला.

शाळेची भिंत मागे पडत होती. भिंत चांगली लांब आहे.

“हे आधी का नाही म्हणालात?”

“तुझी ओढाताण नको म्हणून.”

“ओढाताण नको! दर रविवारी मेलं तेच, इकडे सगळं ठीक आहे. मी फोन ठेवून मुलीला सांगायची, बघ, तुझ्या बाबांचं माझ्यावाचून काही म्हणता काही अडत नाही. रडलेसुद्धा. नळ सोडून, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. मग म्हटलं, नाही अडत तर नाही अडत, आपणही काहीतरी करू. म्हणून सायकल शिकले.”

बॉबिननं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

“मग आता?” त्यानं विचारलं.

“आत्ता लगेच नाही जमायचं. पोरगं पाळणाघरात रुळू दे. मुलीला मी हो म्हणून बसलेय.” थोडं थांबून ती पुढे बोलली, आणि हे तिनं अगदी कानाशी येऊन सांगितलं. “आणि खरं सांगू का? मला तिकडे आवडतं. सकाळी त्याला सोडून येताना एक उतार आहे. पायडल मारावं लागत नाही. मी एकटी असते, हात हँडलवर, मांडीवर कुणाचं काही नाही. कुठे वळायचं ते मी ठरवते. कधी कधी उगीच लांबच्या वाटेनं येते.”

“बरं.”

“बरं काय? तुमची आठवण येते ती येतेच. लांबच्या वाटेनं येताना जास्त येते. दोन्ही खरं आहे. तुम्हीच या तिकडे.”

“मशीनं?”

“तिकडच्या बायका काय झाडाची पानं नेसतात? तिकडेही शिवतात.”

“बघू.”

“तुमचं बघू म्हणजे नाही.”

“बघू म्हणजे बघू.”

शिंपिणीनं दार उघडलं आणि बायकोला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. “म्हणजे सीटवाल्या त्या तुम्हीच!” मग बायकोला मुरगळलेल्या पायाची सगळी कथा ऐकावी लागली, टॅक्सीसकट. ती ऐकताना बायको हसली नाही. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, पण तो मशीनचे स्क्रू सोडवण्यात इतका गुंग होता की त्याची मान लाल झालेली तेवढी दिसली.

परत येताना मशीन दोघांच्या मध्ये होतं. बोलायचं तर तिला लोखंडावरून ओणवं व्हावं लागलं असतं, म्हणून बोलणं झालं नाही. तेही एका परीनं बरंच. त्या शाळेच्या भिंतीलगत जेवढं बोलणं झालं होतं, तेवढं त्यांच्या घरात एका वर्षात होत नसे.

थोडे दिवस ते थोडेच असतात. ती जायच्या सकाळी बॉबिननं गाडी दारात आणून ठेवली, सीट पुसली. तिच्या बॅगा दाराशी होत्या, आणि त्यांच्याशेजारी शिंपिणीचं दुरुस्त झालेलं मशीन. शिंपिणीला आज कपडे शिवून द्यायचे होते, ती सकाळपासून वाट बघत बसलेली.

“आधी तुला बसस्टँडवर सोडतो,” बॉबिन म्हणाला. “मशीन मागाहून.”

“माझ्या बॅगा दोन, गाडी एवढीशी. मी टॅक्सी बोलावलीय. तुम्ही मशीन घेऊन जा. तिचं काम खोळंबलंय.”

“अगं पण मशीन ठेवू कुठे? जाळी कापली ना.”

बायको पुढे झाली. वाकली, मशीन उचललं, कमरेला टेकवत बाहेर आणलं आणि सीटवर ठेवलं. तिथेच, जिथे ती बसायची. दुकानातून एक चामडी पट्टा आणला, एक जुनी सायकलची ट्यूब आणली आणि बांधायला लागली.

“अगं—”

“हे बघा. ही सीट माझी नाही, गाडीची आहे. मी आले की मशीन उतरवायचं. मी नसले की मशीन बसेल, भाजी बसेल, कुणाचा पाय मुरगळला तर ते माणूस बसेल. आणि मी कधी यायची ते मी रविवारी सांगेन, तुम्ही मला विचारायचं. दर रविवारी विचारायचं. ‘सगळं ठीक’ म्हणालात तर फोन ठेवून देईन.” तिनं गाठ मारली, मशीन धरून हलवून बघितलं. हललं नाही.

बॉबिन उभा होता. त्याला दुखलं, आणि चांगलंच दुखलं. एवढे दिवस जपलेल्या सीटवर तिनं तिच्याच हातानं लोखंड बांधलं होतं. पण ती बांधत असताना तिच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. त्यानं आपल्या बाहीनं पुसलं. बाही तेलकट होती. तिच्या गालावर काळा पट्टा उमटला.

टॅक्सी आली. बॅगा आत गेल्या, ती मागच्या सीटवर बसली, आणि टॅक्सी निघाली. बॉबिनही निघाला. शिंपिणीच्या घरापर्यंतचा रस्ता तोच होता, चौकापर्यंत.

टॅक्सी पुढे, मोटरसायकल मागे. जरा वेळानं मागच्या काचेत तिचा चेहरा दिसला. ती सीटवर गुडघा टेकून उलटी वळून बसली होती. तिनं हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. एका गाडीवर बसून त्यांनी जन्म काढला, पण रस्त्यानं जाताना एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तिला कायम त्याची पाठ दिसायची आणि त्याला समोरचा रस्ता. बॉबिन बघत राहिला. गालावरचा काळा पट्टा तसाच होता. कापलेले केस तिला बरे दिसत होते; हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. सिग्नलला टॅक्सी थांबली की तो जवळ जाई, टॅक्सी सुटली की अंतर पडे, आणि मग तो त्या एवढ्याशा इंजिनाला आणखी जोर लावी.

चौक आला. शिंपिणीच्या घराकडे उजवीकडे वळायचं. टॅक्सी सरळ गेली. काचेतून बायकोनं बोट दाखवलं, तिकडे, उजवीकडे, वळा ना.

बॉबिन सरळ गेला.

शिंपिणीचं मशीन त्या दिवशी उशिरा पोचलं. ती वाट्टेल ते बोलली. बॉबिननं सगळं ऐकून घेतलं, मशीन टेबलावर बसवलं, पट्टा चढवला, आणि एक सरळ शिवण घालून दाखवली.